धाकटीचा सरळ फोटो

टाचणीताई नवऱ्याला टाकून परदेशी पळून जाणार, ही बातमी गल्लीत पहिल्यांदा सोडली ती बेकरीतल्या वहिनींनी. बातमी पावासारखीच निघाली. सकाळी गरम होती, दुपारपर्यंत फुगली आणि संध्याकाळी तिला कोणीतरी वरून लोणीही लावलं. पुरावा मात्र भक्कम होता. दर रविवारी, बाकीचं जग अजून कूस बदलत असताना, ही बाई खांद्याला भली मोठी बॅग अडकवून विमानतळाकडे जाणारी बस पकडायची. दुपारी परतायची तेव्हा नाक लाल आणि चपला धुळीने माखलेल्या. त्यात वहिनींनी जिन्यात स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. टाचणीताई नवऱ्याला सांगत होत्या, "ह्या वेळी घेतील असं वाटतंय."

आता नवऱ्यालाच सांगून कोण पळून जातं, अशी शंका एका शहाण्याने काढली. बातमीने लगेच कपडे बदलले. पन्नाशी उलटलेल्या टाचणीताईंनी म्हणे हवाई सुंदरीच्या नोकरीसाठी अर्ज केलाय. ह्यावर लोक दोन दिवस पोट धरून हसले.

खरी गोष्ट अगदीच अळणी होती. बॅगेत असायचा एक लांब नळीचा कॅमेरा, पाण्याची बाटली आणि नवऱ्याच्या कामावरचं घडीचं लोखंडी स्टूल. विमानतळाच्या मागच्या कुंपणाशी त्या स्टुलावर चढायचं आणि जाळीच्या वरून विमानांचे फोटो काढायचे, एवढाच बाईंचा गुन्हा. आणि 'घेतील' म्हणजे बाईंना नव्हे, बाईंच्या फोटोला. विमानांच्या फोटोंची एक वेबसाइट आहे. तिथे उठसूट कोणाचाही फोटो लागत नाही. परीक्षक बसलेले असतात. लग्नाच्या मुलीला पूर्वी पाहत नसतील इतकं निरखून ते फोटो पाहतात, आणि नकारही तसाच देतात, एका ओळीत. नकार साठले की पुढचे फोटो पाठवायची मुभाही कमी होत जाते. म्हणून तिथे एक 'आधी दाखवा' नावाचा कोपरा आहे. पाठवण्यापूर्वी फोटो तिथे टाकायचा, जाणती माणसं चुका सांगतात, त्या सुधारायच्या आणि मग देवावर हवाला ठेवून धाडायचा.

ह्या कोपऱ्यात टाचणीताईंचं नाव होतं 'सुईदोरा'.

टाचणीताई हे नावही काही आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. बाई कपडे दुरुस्त करायच्या. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, पोट वाढलेल्यांच्या शिलाया उसवणं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी मशीन, भिंतीला उभा आरसा, आणि ओठांत सदैव टाचण्यांची रांग. त्यामुळे बोलणं कमी आणि 'हं' जास्त. गिऱ्हाइकाने "ताई, मी जाड झालेय का हो?" विचारलं तरी उत्तर 'हं'च. टाचण्यांनी कितीतरी भांडणं वाचवली होती.

पण त्याआधी, तरुणपणापासून कितीतरी वर्षं, टाचणीताई एका कारखान्यात होत्या. तिथे विमानांच्या सीटची कव्हरं शिवली जायची. मोठा हॉल, जाड निळं कापड, ओळीने मशिनी, आणि बायकांच्या गप्पांना मशिनींचा ठेका. कव्हर बाहेरून सगळी सारखी, पण आतल्या शिलाईत टाचणीताई एक लाल टाका घालायच्या. कोणाला दिसायचा नाही, टोचायचाही नाही. शेजारणीने एकदा विचारलं, "हा कशाला गं?" तर म्हणाल्या, "ओळखीला." आता हजारो लोक पाठ टेकून ज्याच्यावर बसणार, त्या कापडाच्या पोटातली ओळख कोण विचारायला येणार होतं? पण टाका पडायचा.

कारखान्यातल्या बायका विमानांना नावं ठेवायच्या, दोन्ही अर्थांनी नव्हे, एकाच, प्रेमाच्या. त्या ताफ्यात सगळ्यात शेवटी आलेलं विमान ते 'धाकटी'. धाकटीची कव्हरं पहिल्यांदा बसवायची होती तेव्हा माप नीट बसतंय का पाहायला दोघीतिघींना विमानात नेलं. विमान हँगरमध्ये उभं होतं. काम झालं, बाकीच्या उतरू लागल्या, आणि टाचणीताई हळूच पंखाच्या जरा मागे, खिडकीजवळच्या एका सीटवर टेकल्या. पट्टा मांडीवर घेतला. खिडकीतून दिसत होती हँगरची भिंत आणि भिंतीला टेकवलेली शिडी. तरी त्यांनी कपाळ काचेला लावलं. तेवढ्यात मुकादम आला.

"उठा ताई, सीटला चुण्या पडतील."

स्वतःच्या हाताने शिवलेल्या सीटवर आपल्या बसण्याने चुण्या पडतात, हे टाचणीताईंना त्या दिवशी कळलं. त्या उठल्या. हाताने कापड सारखं केलं आणि उतरल्या. त्यानंतर ना कधी विमानात चढल्या, ना तिकीट काढायचा योग आला. प्रवास करायचा तो शेजारच्या गावी नणंदेकडे, आणि तिथे बस जाते.

कारखाना बंद पडला. विमानं एकेक करून गेली. धाकटी तेवढी उरली, आणि तीही सवाष्ण राहिली नाही म्हणायची. सीट काढून टाकल्या, खिडक्या पत्र्याने बुजवल्या आणि तिला पार्सलं वाहायला जुंपली. रविवारी सकाळी ती इथे उतरायची, थोडा वेळ थांबायची आणि परत जायची. म्हणून टाचणीताईंचा रविवार. बाकी विमानांचे फोटो त्या सरावाला काढायच्या. कॅमेरा दिला होता एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या मालकाने, ज्याचे मागचे पडदे त्यांनीच शिवले होते. "तुम्ही सुई ओवता म्हणजे हात हलत नाही," एवढाच त्याचा निकष.

बेकरीवाल्या वहिनींना खरं कळलं तेव्हा त्यांची भारी निराशा झाली. "म्हणजे नुसते फोटो? आणि ते पण माणसांचे नाहीत?"

"हं," टाचणीताई म्हणाल्या.

'आधी दाखवा'च्या कोपऱ्यात सल्ला देणारे बरेच होते, पण टाचणीताईंच्या वाट्याला नेमाने यायचा तो 'करकोचा'. खरं नाव, गाव, वय, काही ठाऊक नाही. टाचणीताई त्याला पुरुष समजत होत्या आणि तो त्यांना. "सुईदोरा साहेब," अशी त्याची सुरुवात असे. टाचणीताईंनी कधी दुरुस्त केलं नाही. घरात साहेब म्हणणारं कोण होतं?

"सुईदोरा साहेब, उजेड छान. रंग ठीक. क्षितिज डावीकडे कललंय."

पुढच्या फोटोला: "सुईदोरा साहेब, कडा जरा जास्त टोकदार झाल्यात. आणि क्षितिज डावीकडे कललंय."

त्याच्या पुढच्या: "क्षितिज."

टाचणीताईंचा पारा चढायचा तो इथे. बाई आयुष्यात कशाला नाही पण सरळ रेषेला मानायच्या. गिऱ्हाइकाच्या पँटची दुमड एका सुताने खालीवर झाली तर रात्रीची झोप उडायची. आणि हा कोण कुठला पक्षी सांगणार, तिरकं आहे म्हणून? त्यांनी कम्प्युटरच्या पडद्याला चक्क प्लास्टिकची पट्टी लावली. विमानाच्या खिडक्यांची रांग पट्टीला जुळत होती, शिलाईसारखी. तसं त्यांनी कळवलं. "खिडक्यांना पट्टी लावून बघा. सरळ आहे."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "खिडक्या सरळ आहेत, साहेब. जमीन पडतेय."

टाचणीताईंचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. गल्लीत त्यांना लिफ्टराव म्हणत. माणूस मितभाषी, पण जे बोलेल ते नेमकं दोन मजल्यांच्या मध्ये अडकवणारं. बायकोचा आडव्या रेषेवर जीव, ह्यांचा उभ्या. त्यांनी चहाचा कप हातात घेऊन पडद्याकडे पाहिलं.

"काय म्हणतोय तुझा पक्षी?"

"तिरकं आहे म्हणतोय."

"आहेच."

"अहो, कुठे तिरकं आहे? ही रांग बघा."

"मी रांग नाही बघत. मी तो दिव्याचा खांब बघतोय. असा खांब माझ्या लिफ्टला असता तर तू तिसऱ्या मजल्याऐवजी शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात उतरली असतीस."

"तुम्हाला सगळं उभंच दिसतं."

"आणि तुला सगळं आडवं. म्हणून तर संसार काटकोनात चाललाय."

टाचणीताईंनी तो फोटो हट्टाने तसाच वेबसाइटला पाठवला. नकार आला. एका ओळीत. ती ओळ कोणती हे सांगायला नको.

आणि त्याच आठवड्यात करकोच्याने कोपऱ्यात सगळ्यांसाठी एक सूचना टाकली. धाकटीचं शेपटीवरचं अक्षरी नाव देऊन त्याने लिहिलं होतं, 'हे विमान आता निवृत्त होतंय. अजून दोन रविवार येईल. दुसऱ्या रविवारी इथून थेट भंगाराच्या आवारात जाईल. ज्यांना फोटो हवाय त्यांनी घ्यावा.'

टाचणीताईंनी ते वाचलं, ओठांतल्या टाचण्या एकेक काढून टाचण्यांच्या गादीला खोचल्या आणि उगाच मशीनला तेल घातलं.

त्या वेबसाइटवर प्रत्येक विमानाच्या नावाचं एक पान असतं. धाकटीच्या पानावर लोकांचे फोटो होते, तरुणपणीचे, वेगवेगळ्या रंगांतले. पण इथला, ह्या आवारातला, एकही नव्हता. जिथे तिची कव्हरं शिवली गेली त्या गावातला एकही नाही. टाचणीताईंना तो लावायचा होता. पानाखाली फोटो काढणाऱ्याचं नाव येतं. 'सुईदोरा'. बस, आणखी काही नाही. लाल टाक्याएवढं.

पहिल्या रविवारी ढग नव्हते, उजेड पाठीमागून येत होता, धाकटी वेळेवर उतरली. टाचणीताईंनी स्टुलावर चढून फोटो घेतला आणि घरी येऊन खिडक्यांच्या बुजवलेल्या रांगेला पट्टी लावून सरळ केला. पत्रा मारला तरी खिडक्यांच्या खुणा दिसत होत्या. मन भरून येईल असा फोटो होता. त्यांनी तो कोपऱ्यात टाकला आणि वाट पाहत बसल्या.

वाट पाहणं हे करकोच्यामुळे त्यांना नव्याने कळलं होतं. कारखान्यात मुकादम कव्हर हातात घ्यायचा, उलटसुलट करायचा आणि ढिगावर फेकायचा. ढिगावर पडलं म्हणजे बरं. घरी गिऱ्हाईक आरशात स्वतःला बघतं, शिलाईला नाही. आणि हा एक माणूस, जो कुठे बसतो ठाऊक नाही, त्यांचा फोटो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघायचा. चूक काढायचा, पण बघायचा. रागावलेल्या असल्या तरी टाचणीताई चार वेळा हात पुसून कम्प्युटरकडे जायच्या. मागून लिफ्टराव म्हणायचे, "आला का निरोप तुझ्या साहेबाचा?"

"तो मलाच साहेब म्हणतो."

"मग बरोबर आहे. साहेबांनाच वाट बघायला लावतात."

त्या दुपारी एक शिक्षिका आल्या. पायघोळ झगा शिवून आणला होता, पण घेर एकीकडे जमिनीवर लोळत होता आणि दुसरीकडे घोटा दिसत होता. "ताई, कंबरेपासून मोजून सगळीकडे सारखाच कापलाय म्हणे शिंप्याने. मग असं का?"

टाचणीताई गुडघ्यावर बसल्या, तोंडात टाचण्या, हातात खडू आणि लाकडी पट्टी. "कंबरेपासून मोजून कसं चालेल?" त्या टाचण्यांमधून पुटपुटल्या. "माणसाचा एक खुबा वर असतो, एक खाली. कोणी सरळ नसतं. घेर नेहमी जमिनीपासून मोजायचा. जमीन तेवढी..."

आणि बाई थांबल्या. पट्टी जमिनीवर उभी, खडू हवेत.

"काय झालं?" शिक्षिका घाबरल्या. "जाड झालेय का मी?"

"नाही नाही," टाचणीताई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा ह्या प्रश्नाला 'हं'च्या पलीकडचं उत्तर मिळालं होतं. त्यांनी घेराला भराभर खुणा केल्या, शिक्षिकेला वाटेला लावलं आणि कम्प्युटरपुढे बसल्या. विमान चाकांवर उभं असताना नाक जरा खाली, शेपूट जरा वर असतं. एक खुबा वर असलेल्या बाईसारखं. आणि त्या इतके दिवस विमानाला कंबरेपासून मोजत होत्या. चाळीस वर्षं शिवणकाम करून, तीच चूक, जी कालच्या पोराने केली तर त्यांनी पट्टीने हात लाल केला असता.

त्यांनी धाकटीचा फोटो दिव्याच्या खांबाला ओळंब्यात धरून फिरवला. जमीन जागेवर आली. धाकटी जराशी नाक खाली घालून उभी राहिली, थकलेली आणि खरी. पण फोटो फिरवला की कोपरे कापले जातात. आणि टाचणीताईंनी फोटो इतका घट्ट घेतला होता की कोपऱ्याबरोबर शेपटीचं टोकही गेलं.

तेवढ्यात करकोच्याचं उत्तर आलंच. "सुईदोरा साहेब, उजेड उत्तम. क्षितिज तेच. आणि आता सरळ करायला गेलात तर शेपूट कापलं जाईल. शेपूट कापलेलं घेत नाहीत. वाईट वाटतं."

त्या 'वाईट वाटतं'ने टाचणीताईंचा राग पार उसवला. त्यांनी लिहिलं, "चूक माझी. पुढच्या रविवारी बघते." मग 'बघते' खोडून 'बघतो' केलं, मग परत 'बघते' केलं आणि पाठवून दिलं.

लिफ्टरावांना रात्रीच्या जेवणाला सगळं सांगितलं. त्यांनी घास गिळला, विचार केला.

"कापड कापताना मार्जिन सोडतेस ना?"

"सोडतेच. नाहीतर पोट वाढल्यावर काय उसवणार?"

"मग विमानाला सोड."

एवढंच. पण बाई रात्रभर मनातल्या मनात धाकटीच्या चहूबाजूंनी बोटबोट मार्जिन सोडत राहिल्या.

शेवटच्या रविवारी लिफ्टराव बरोबर आले. स्टूल धरायला, असं म्हणाले. बेकरीवाल्या वहिनींनी दोघांना बसकडे जाताना पाहिलं आणि दुपारपर्यंत गल्लीला कळवलं की नवराबायको दोघंही पळून गेली.

कुंपणाशी गार होतं. धाकटी रिकामी उभी होती. पार्सलंही नव्हती आज, ना सामानाची गाडी. थोड्या वेळाने तिने तोंड फिरवलं आणि हळूहळू जाळीसमोरच्या वाटेने येऊ लागली. रंग उडालेला, पोटाखाली तेलाचे ओघळ. टाचणीताईंनी डोळा लावला. सवयीने त्यांची नजर बुजवलेल्या खिडक्यांकडे गेली. पंखाच्या जरा मागे, ती एक. तिच्याकडे पाहता पाहता त्यांचं बोट दाबायचंच राहिलं. धाकटी निम्मी पुढे सरकली होती.

"अगं, खांब," खालून लिफ्टराव म्हणाले. स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं, मान वर.

टाचणीताईंनी खिडकीवरची नजर काढली. खांब बघितला, जमीन बघितली, चहूकडे मार्जिन सोडलं आणि बोट दाबलं. मग पुन्हा. मग धाकटी पुढे गेली. टोकाशी वळली, धावली, उठली आणि लहान होत गेली. टाचणीताईंनी ते फोटोत घेतलं नाही. कॅमेरा गळ्यात लोंबत होता आणि त्या नुसत्या बघत होत्या. लिफ्टरावांनी ठिपका दिसेनासा होईपर्यंत स्टूल सोडलं नाही.

"उतर आता," ते म्हणाले. "चुण्या पडतील स्टुलाला."

मुकादमाची ती गोष्ट बाईंनी लग्नाच्या नव्या नवलाईत त्यांना एकदाच सांगितली होती. त्या खाली उतरल्या. परतीच्या बसमध्ये खिडकीकडची जागा लिफ्टरावांनी त्यांना दिली.

फोटो कोपऱ्यात गेला. ह्या वेळी करकोच्याने पूर्ण एक दिवस घेतला. टाचणीताईंनी त्या दिवशी एका पँटचे दोन्ही पाय एकाच लांबीचे करण्याऐवजी एकच पाय दोनदा आखूड केला. संध्याकाळी उत्तर आलं.

"सुईदोरा ताई, सरळ. पाठवा."

साहेबाची ताई कशी झाली, ते 'बघते' कुठे वाचलं गेलं, हे टाचणीताईंच्या लक्षात आलं तेव्हा त्या एकट्याच हसल्या. फोटो पाठवला. परीक्षकांच्या रांगेत तो बरेच दिवस पडून राहिला. रोज सकाळी त्या बघायच्या आणि लिफ्टराव विचारायचे नाहीत. मग एका सकाळी धाकटीच्या पानावर, सगळ्यात वर, तो लागलेला होता. नाक जरा खाली, खांब ताठ, जमीन जागेवर. खाली बारीक अक्षरांत 'सुईदोरा'.

बातमी लिफ्टरावांनी फोडली. पाव आणायला गेले असताना वहिनींना म्हणाले, "घेतलं हो तिला." वहिनी हातातलं काम टाकून वर आल्या. नाकाला पीठ, डोळ्यांत प्रश्न. टाचणीताईंनी कम्प्युटर दाखवला. वहिनींनी मान इकडे करून पाहिलं, तिकडे करून पाहिलं.

"चांगलाय. पण ताई, खरं सांगू? ना बक्षीस, ना पेपरात नाव. आणि विमान तर तिकडे भंगारात गेलं. एवढ्या रविवारांचं तुमच्या हाती काय आलं?"

टाचणीताईंनी ओठांतल्या टाचण्या काढल्या. सगळ्या. गादीला खोचल्या आणि म्हणाल्या,

"वहिनी, मी तिच्यात बसले होते तेव्हा ती जागची हलली नव्हती. आणि इतके रविवार डोळा कॅमेऱ्यालाच होता. ती उडताना एकदा तरी उघड्या डोळ्यांनी बघायची होती, ती बघितली."